पुढं वाट असेल तरच

"स्पडला उद्या सकाळी गोळी घालतो," क्लॅरी म्हणाला. पीठ संपलंय, उद्या आणायला हवं, असं सांगावं ना, अगदी तसा म्हणाला. आणि मग बशीतला पाव सिरपमध्ये बुडवून खायला लागला.

क्लॅरी माझा थोरला भाऊ. वय त्रेसष्ट. आमच्याकडे घर नाही, जमीन नाही. आहे तो एक ट्रक, त्यामागं जोडलेली झोपायची डबी, पाच घोडी, चार कुत्री आणि दुसऱ्यांची मेंढरं. पाऊस नसला की गवताच्या शोधात लोकांचे कळप सरकारी वाटेनं शे-दोनशे मैल हाकत न्यायचे, हा आमचा धंदा. बापाचाही हाच होता. क्लॅरी म्होरक्या, मी स्वयंपाक करते आणि ट्रक चालवते. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं हेच चाललंय. आणि स्पड म्हणजे माझा काळा कुत्रा. त्याची आई साप चावून मेली तेव्हा हा मुठीएवढा होता, मी बाटलीनं दूध पाजून वाढवलाय त्याला. मी माझा पाव बशीत ठेवला.

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी म्हणाले. "तीन वर्षांत एकदा तरी चुकलाय का तो?"

"आज चुकला. सदतीस मेंढ्या मेल्या, थेल. आणि हाकायला सांगितलं नसताना हाकणारा कुत्रा कळपात ठेवत नाहीत. बाबांनीही ठेवला नसता."

हे मात्र खरं होतं. चावरा कुत्रा चालतो, आळशीही चालतो. पण आपल्याच मनानं मेंढरं रेटायला लागलेला कुत्रा आमच्या वाटेवर दुसरा दिवस बघत नाही. त्याला म्होरक्यानंच मारायचं, दुसऱ्याच्या हातून नाही, असाही रिवाज आहे.

झालं होतं ते असं. वाट प्रिंगलच्या रानातून जाते आणि त्याच्या कुंपणापाशी अरुंद होते. तिथं तारांचंच गेट आहे, लांबून बघितलं तर कुंपण कुठलं आणि गेट कुठलं ते कळत नाही. म्हणून आमच्यात पद्धत अशी की एक माणूस पुढं जातो, गेट उघडतो आणि डोक्यावरची टोपी हातभर वर धरतो. टोपी वर म्हणजे वाट मोकळी. मग मागून म्होरक्या कुत्र्याला म्हणतो, "हाक!" आणि कुत्रा मेंढरांना पुढं घालतो. टोपी डोक्यावर असेल तर थांबायचं. एवढं साधं.

आज पुढं बेव्हन गेला होता. पन्नाशीचा माणूस, आधी मेंढ्यांची लोकर कातरायचा, पाठ गेली म्हणून आमच्याकडे आला. येऊन पाच आठवडे झाले होते. गेट बंद होतं. पलीकडे दोन कुंपणांमधल्या गल्लीत प्रिंगलचे एडके घुसले होते, म्हणून प्रिंगलनंच ते लावलं होतं. बेव्हन आत शिरला, गेट मागं लावून घेतलं आणि एडके हुसकायला लागला. मी ट्रक घेऊन दुसऱ्या बाजूनं पुढं निघून गेले होते, चुलीवर चहाचा डबा ठेवत होते. तेवढ्यात ते ओरडणं ऐकू आलं. चोवीसशे मेंढ्या बंद गेटावर आदळल्या होत्या, पुढच्या खाली पडल्या आणि मागच्या त्यांच्यावर चढल्या. आम्ही हातांनी ओढून ओढून काढल्या. खालच्या गुदमरून मेलेल्या. अंगावर एक जखम नाही हो, नुसते डोळे उघडे.

आणि त्यांच्या मागं स्पड. जीभ बाहेर, शेपूट हलतंय, शाबासकीची वाट बघतोय.

क्लॅरी घोड्यावरून उतरून म्हणाला, "मी थांबवत होतो. यानं ऐकलंच नाही. आपलं आपण रेटत गेला."

मला तेव्हाच पटलं नव्हतं. माझा संशय पहिल्या क्षणापासून बेव्हनवर.

का, ते सांगते. एक तर तो बोलत नाही. जो माणूस पाच आठवड्यांत स्वतःबद्दल पाच वाक्यं बोलत नाही, त्याच्या पोटात काही तरी असतंच. दुसरं, मेंढ्या ओढून काढताना तो सारखा क्लॅरीकडे बघत होता, मेंढ्यांकडे नाही. मी मनाशी ठरवूनच टाकलं की यानं माश्या हाकलायला टोपी काढली असणार, क्लॅरीला वाटलं वाट मोकळी आहे, आणि आता हा मूग गिळून बसलाय. कुत्र्याला थोडंच बोलता येतं! गरीब बिचारा सापडला, टाका सगळं त्याच्या माथी.

जेवण झाल्यावर बेव्हन ट्रकमागं खोगीर पुसत होता, तिथं मी गेले. दिवस अजून मावळायचा होता.

"टोपी काढली होतीस ना?" मी म्हणाले. आडपडदा ठेवायची मला सवय नाही.

"नाही बाई."

"माश्या किती होत्या आज."

"होत्या. पण टोपी नव्हती काढली." त्यानं मान वर करून मला दाखवलं. हनुवटीखालची दोरी गच्च गाठ मारलेली, आणि गाठीवर धुळीचा थर. "वारा होता म्हणून सकाळीच बांधली. बघा, गाठ सुटलीय का."

"गाठ परत मारता येते."

"येते की," तो म्हणाला. "मनात आणलं तर काय, काहीही करता येतं. प्रिंगलला विचारा. तो माझ्याशेजारीच उभा होता."

हे मला ठाऊक नव्हतं. मी जरा गडबडले, पण हार कसली मानतेय! म्हटलं, टोपी नसेल काढली, पण कुत्र्याला काही तरी सांगितलं असशील. स्पड ट्रकच्या चाकाला बांधलेला होता. मी त्याला सोडला. आमच्या मुक्कामाच्या जाळीत पंचवीस-तीस लंगड्या मेंढ्या वेगळ्या काढलेल्या होत्या, त्यांच्यामागं नेऊन बसवला.

"सांग त्याला," मी बेव्हनला म्हटलं. "हाक म्हण."

"हाक," बेव्हन म्हणाला.

स्पडनं जांभई दिली.

"ओरडून म्हण. क्लॅरीसारखं म्हण."

"हाक! हाक रे!" बेव्हन बेंबीच्या देठापासून ओरडला. मेंढ्या दचकल्या. स्पड मात्र कान खाजवत बसला आणि माझ्याकडे बघून शेपूट आपटायला लागला, की ही काय नवीन गंमत? मेंढ्या त्याच्यापासून दोन हातांवर होत्या. एक पाऊल त्यानं टाकलं नाही.

मग मी हळूच म्हटलं, "हाक."

शब्द तोंडातून पुरता सुटायच्या आत तो उठला होता.

"झालं समाधान?" बेव्हन म्हणाला, आणि खोगीर उचलून निघून गेला. जाता जाता थांबला. "बाई, पाच आठवड्यांत हा कुत्रा तुम्हा दोघांशिवाय कुणाचं ऐकताना मी नाही बघितला. आणि न सांगता उठतानाही नाही बघितला."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. आणि एकदा चुकचुकली की ती गप्प बसत नाही.

दोघांचंच ऐकतो. त्यातली एक मी, चुलीपाशी. मग राहिलं कोण?

छे, म्हटलं, क्लॅरी खोटं बोलणार? ज्या माणसानं एकदा चुकून दुसऱ्याची एक मेंढी आपल्या कळपात आली म्हणून अठरा मैल मागं जाऊन परत दिली, तो? आणि बंद गेटावर कळप घालायला तो काय खुळा आहे? आमच्या बापानं आम्हाला चालायला शिकवायच्या आधी हाकायला शिकवलं. तो म्हणायचा, "मागून ढकलणं म्हणजे हाकणं नव्हे रे पोरांनो. ढकलायला काय, वाराही ढकलतो. मागं कोण आहे ते मेंढीला कळतं. पुढं काय आहे ते हाकणाऱ्याला कळलं पाहिजे. पुढं वाट असेल तर ते हाकणं, नसेल तर ते मारणं." क्लॅरी हेच प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो. बेव्हनलाही पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

मी परत आले तेव्हा क्लॅरी चुलीपाशी चहा ओतून घेत होता. डब्यातून मगात. आणि त्याचं बोट मगाच्या काठावरून आत होतं. चहा बोटाला लागला तसा तो थांबला.

ते बोट मी सहा महिने रोज बघतेय. रोज! "घाणेरडी सवय लागलीय तुला," असं म्हणून दोनदा त्याच्या हातावर पळीही मारलीय. आणि आज पहिल्यांदा मी ते बोट नीट बघितलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मेंढ्या मोजायचं काम त्यानं बेव्हनला दिलं होतं, "तुला सराव होऊ दे" म्हणून. जन्मात त्यानं मोजणी दुसऱ्याला दिली नव्हती. पत्रं मला वाचायला लावायचा, चष्मा ट्रकमध्ये राहिलाय म्हणून. घोडीही म्हातारी डचेसच घ्यायचा. ती झोपेतसुद्धा वाट चुकत नाही. गेल्या आठवड्यात एमू पक्षी पळाले तर म्हणाला, "कुणाचे घोडे सुटलेत?" आम्ही हसलो, तोही हसला. मला वाटलं चेष्टा करतोय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? मी बेव्हनची गाठ तपासत फिरत होते.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. तोंडावर विचारलं असतं तर त्यानं उडवून लावलं असतं. आम्हा ड्रिस्कॉल लोकांना खोटं बोलता येत नाही, पण विषय मोडता छान येतो. जाऊन पडले, आणि पडल्या पडल्या काय करायचं ते ठरवलं.

सकाळी ऊन चांगलं वर आलं तेव्हा क्लॅरी बंदूक पुसून उभा राहिला. दाढी केलेली, गालाला दोन ठिकाणी कापलेलं.

"बांध त्याला त्या खुंटापाशी," तो म्हणाला. "आणि तू इथं थांबू नकोस. ट्रकमध्ये जाऊन बस."

"मी थांबणार," मी म्हणाले. "माझा कुत्रा आहे."

मी डबीमागं गेले. स्पडला आत घेतलं, माझ्या खाटेखाली सारलं, पुढ्यात हाड टाकलं आणि दार ओढून घेतलं. मग क्लॅरीचा पावसाळी कोट घेतला, तेलकट काळा, गुंडाळी केली, आणि खुंटापाशी नेऊन ठेवला. वरून दोरी बांधली. बाही जरा बाहेर काढून ठेवली, कानासारखी. देवा, त्याला दिसू दे, असंच मी म्हणत होते. त्यानं बघावं आणि माझ्यावर खेकसावं, "हा काय पोरखेळ लावलायस, थेल?" त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या ना, तर मी आनंदानं नाचले असते.

"बांधला," मी म्हणाले.

क्लॅरी आला आणि खुंटापासून दहा पावलांवर उभा राहिला. खुंटाकडे बघितलं. टोपी मागं सरकवली. बराच वेळ बघत राहिला.

"कसा गप्प बसलाय बघ," तो म्हणाला. "कळलंय त्याला."

मी तोंडावर हात दाबला.

"चांगला होतास रे," तो कोटाला म्हणाला. "तुझी काही चूक... असो. चांगला होतास." आणि त्यानं बंदूक उचलली.

"क्लॅरी," मी म्हणाले, "तो तुझा कोट आहे."

बंदूक तशीच वर राहिली. मी जाऊन त्याच्या हातातून ती काढून घेतली. त्यानं सोडली. मग तो स्वतःच खुंटापर्यंत गेला, वाकला, हातानं कोट चाचपला. बाही, कॉलर, बटणं. तिथंच जमिनीवर बसला.

माझ्या रागाचा पारा मात्र आता चढला. रडायचं होतं ते राहिलंच बाजूला. "लाज नाही वाटली?" मी ओरडले. "तू सांगितलंस त्याला! तू म्हणालास हाक! त्यानं तुझं ऐकलं म्हणून तू त्याला मारणार होतास?"

"हो," तो म्हणाला.

"हो काय, हो?"

"मला टोपी दिसली असं वाटलं. मधे नुसता डाग असतो, थेल. सरळ बघितलं की डाग, कडेनं थोडंफार दिसतं. काही तरी वर झालं. मला वाटलं टोपी." तो कोटाच्या बटणाशी चाळा करत होता. "सरकारी वाटेवर रोज सहा मैल पुरे करायचा नियम. काल तोवर चारच झाले होते. मी म्हटलं, हाक."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पुढं काय? सांग ना. आंधळ्याला कोण कळप देतो? तुझ्या पोरीच्या घरामागच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं, रेडिओ ऐकत? कुत्र्याला लाज नसते गं. मला आहे. मला वाटलं, त्याच्यावर गेलं तर कुणाचं काही जात नाही."

"माझं जात होतं," मी म्हणाले.

मी डबीचं दार उघडलं तसा स्पड हाड तोंडात धरून बाहेर आला आणि थेट क्लॅरीपाशी गेला. हाड त्याच्या बुटापाशी ठेवलं. क्लॅरीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो जो रडला, ते मी सांगणार नाही.

बेव्हन लांब घोड्यांपाशी उभा होता. मी त्याच्याकडे गेले. माफी मागायची म्हणजे मला ताप येतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्या आठवड्यापासून," तो म्हणाला. "माझ्या म्हाताऱ्याचंही असंच झालं होतं."

"मग बोलला का नाहीस, मुखदुर्बळा?"

"मी कोण बोलणारा? त्यांनी काम दिलं होतं मला." त्यानं टोपीची दोरी ओढून बघितली. "आणि सकाळी बोलणार होतो. मी इथं उभा होतो ते काय घोडे बघायला? बंदुकीतल्या गोळ्या माझ्या खिशात आहेत."

आणि मी या माणसावर संशय घेतला होता! त्याला मी पहिल्यांदाच चहात दोन चमचे साखर घातली. तेवढं माफीऐवजी पुरे झालं असावं.

दहाच्या सुमाराला कळप गेटाशी न्यायचा होता. प्रिंगल आधीच येऊन कुंपणाला टेकला होता, बरोबर त्याचा भाऊ आणि शेजारचे दोघं. सदतीस मेल्या ही बातमी पसरली होती, आणि कालच क्लॅरीनं मेंढ्यांच्या मालकाला प्रिंगलच्या घरून फोन करून कुत्र्याचं नाव सांगितलं होतं. हे लोक कशाला आले होते ते उघड होतं. दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला तिकीट लागत नाही.

"काय क्लॅरी," प्रिंगल लांबूनच ओरडला, "तो काळा अजून जिवंत? गोळी महाग झाली की काय?"

क्लॅरी डचेसवर होता, मी त्याच्या डाव्या हाताला दुसऱ्या घोडीवर. मला वाटलं, आता हा विषय मोडणार. काही तरी हसण्यावारी नेणार. मी काही बोलणार नव्हते. ठरवलंच होतं, की हे त्याचं त्यानं करायचं.

कळप पुढं उभा होता, स्पड त्याच्या मागं जमिनीला पोट लावून. बेव्हन गेटात उभा. त्यानं टोपी काढली आणि वर धरली. हातभर नाही, पार दोन्ही हातांनी डोक्याच्या वर. सगळ्यांना दिसत होती.

क्लॅरी काही बोलेना. मेंढ्या चुळबुळ करायला लागल्या. स्पड मान वळवून त्याच्याकडे बघत होता. कुंपणावरची माणसंही बघत होती.

क्लॅरीनं घसा साफ केला.

"थेल," तो म्हणाला, त्या चौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मला दिसत नाही. गेट उघडं आहे का?"

कुंपणावर कुणी हसलं नाही. प्रिंगलनं तारेवरचा पाय खाली घेतला.

मी नीट बघितलं. गेट बघितलं, गेटाच्या पलीकडची गल्ली बघितली, एडके कुठं आहेत ते बघितलं. जन्मात इतकं नीट मी काही बघितलं नव्हतं.

"उघडं आहे," मी म्हणाले.

"पलीकडे?"

"मोकळं."

"कालही मीच सांगितलं होतं त्याला," क्लॅरी प्रिंगलच्या दिशेनं म्हणाला, जरा चुकीच्या दिशेनं, पण त्याच्याचकडे. "कुत्र्यानं नाही केलं. दुपारी तुझा फोन लागेल मला, मालकाला सांगायचंय."

"ये की," प्रिंगल म्हणाला.

मग क्लॅरी स्पडकडे वळला आणि म्हणाला, "हाक."

स्पड उठला.